भुयार कुठे निघतं

“मॅडम, इतिहास शिकवायचं उद्दिष्ट एकच,” भामरे सर पायरीवर टेकत म्हणाले. “पोरं जागी राहिली पाहिजेत.”

उंबरगडाचा निम्मा चढ झाला होता. नववीचा वर्ग पुढे पळत सुटला होता आणि मागून आम्ही दोघं, सरांच्या गुडघ्यांमुळे, दर वळणावर थांबत चाललो होतो. दिवाळीची सुट्टी नुकतीच संपली होती. गवत पिवळं पडायला लागलं होतं, पण कातळातून अजून पाणी झिरपत होतं.

“मी गंमत नाही करत, सर. परवानगीच्या प्रस्तावात मला लिहायला लागलं. सहलीची उद्दिष्टे, किमान पाच.”

“मग काय लिहिलंत?”

“गेल्या वर्षीची उतरवली. पूर्वजांविषयी आदर, राष्ट्राभिमान, वारशाची जाणीव, गटात काम करण्याची सवय, निरीक्षणशक्तीचा विकास.”

“ती माझीच आहेत. दरवर्षी तीच जातात. साहेबांना आवडतात.”

“पण यातलं काहीच तपासता येत नाही. मी मुलाला भिंग देते, त्याने नाभीय अंतर बरोबर काढलं की मला कळतं, याला आलं. आदर वाढला हे तुम्हाला कसं कळणार?”

“घोषणा किती जोरात दिली त्यावरून,” सर म्हणाले आणि गुडघ्यावर हात रोवून उठले. “चला. वर गेल्यावर दाखवतो तुम्हाला उद्दिष्ट.”

त्या वर्षी मी शाळेत नवीन होते. भौतिकशास्त्रात बी.एस्सी., मग बी.एड., आणि नाशिकहून थेट या गावात. इतिहासाशी माझा काही संबंध नव्हता. वर्गात मुली आहेत, तेव्हा सहलीला एक बाई शिक्षिका हवी, म्हणून मुख्याध्यापकांनी मला पाठवलं होतं. पण भामरे सरांचा तास मी रोज ऐकत असे. आमच्या शाळेत आठवी आणि नववीच्या वर्गांमधली भिंत छतापर्यंत पोचलेली नव्हती. मी आठवीला परावर्तनाचे नियम सांगत असायचे आणि वरून सरांचा आवाज यायचा. थोड्या वेळाने लक्षात यायचं की माझा वर्ग फळ्याकडे बघतोय पण ऐकतोय तिकडचं. कधीकधी मीसुद्धा.

गडाच्या उत्तर टोकाला कातळात कोरलेली एक खोली आहे. चार पायऱ्या उतरायच्या आणि वाकून आत शिरायचं. दारावर जुन्या तटाची दगडमातीची भिंत उभी होती. आत शेंदूर फासलेला देवीचा दगड, त्याच्यापुढे कोणीतरी ठेवलेला अगरबत्तीचा पुडा आणि काडेपेटी. बाजूच्या भिंतींत दिव्याचे कोनाडे, काजळीने काळे पडलेले. आणि मागच्या भिंतीत, कमरेएवढ्या उंचीवर, भुयाराचं तोंड. जेमतेम एक माणूस सरपटत जाईल एवढं.

खोली लहान, म्हणून सर एकेक गट आत घ्यायचे. बाकीच्या मुलांना बाहेर सांभाळायला शिपाई रामदासभाऊ होते. पहिल्या गटाबरोबर मी आत गेले. सरांनी भुयाराच्या कडेवर तळहात टेकला आणि मुलं आपोआप गप्प झाली.

“गडाला वेढा पडलेला,” सर हळू आवाजात म्हणाले. “दाणागोटा संपलेला. किल्लेदार पडला. राहिली त्याची बायको साळूबाई. तुमच्या ताईएवढी असेल. तिने काय केलं? तान्हं बाळ पाठीला बांधलं आणि दिवासुद्धा न घेता इथून आत शिरली. दिवा का नाही घेतला?”

“उजेड दिसला असता म्हणून,” हर्षाली म्हणाली. हर्षाली गांगुर्डे, वर्गातली सगळ्यात बारीक मुलगी. तिचं उत्तर नेहमी प्रश्न संपायच्या आत यायचं.

“शाब्बास. अंधारात, कोपरं सोलून निघाली, तरी बाळाने हूं की चूं केलं नाही. बाळालासुद्धा कळलं होतं. आणि पहाटे तिच्या कानावर पाण्याचा आवाज आला. आपली नदी. महादेवाच्या देवळामागे हे भुयार निघतं. तिथे ती बाहेर आली.”

कोणी हललं नाही. हर्षालीचे डोळे भरले होते. तिला चिकटून उभी असलेली अस्मिता नाक पुसत होती. सरांनी मुलांच्या डोक्यांवरून माझ्याकडे बघितलं आणि भुवया उंचावल्या. झोपलंय का कोणी, असं विचारत होते ते.

“सर, आपण जाऊन बघायचं का?” तुषार आहेर म्हणाला.

“आत वटवाघळं आहेत. डोक्यात शिरतील.”

“शिरू द्या, सर,” हर्षाली म्हणाली. “याच्या डोक्यात जागाच जागा आहे.”

सगळे हसले, आणि त्या हसण्यातच दारातून मूठभर माती पडली. मी मान वळवली. पुन्हा माती. मग ट्रकमधून खडी ओततात तसा आवाज झाला आणि उजेड गेला.

धूळ इतकी होती की ओरडायला तोंड उघडलेली मुलं खोकायला लागली. बाहेरून रामदासभाऊ काहीतरी ओरडत होते, पण आवाज उशीतून यावा तसा येत होता. पावसाळाभर पाणी पिऊन फुगलेली दारावरची भिंत खाली बसली होती. सरांनी पिशवीतून बॅटरी काढली. सेल उतरलेले होते. त्या पिवळ्या उजेडात मी नावं घेतली. सगळी होती. कोणाला खरचटण्यापलीकडे लागलं नव्हतं. माझा मोबाइल बाहेर पिशवीत राहिला होता.

“रामदास,” सर दाराच्या ढिगाऱ्याला तोंड लावून ओरडले. “गावात कोणाला तरी पाठव. पहार, टिकाव, माणसं.”

“पाठवलं,” आवाज आला. “दगडाला हात लावू नका. वरून अजून येतंय.”

म्हणजे बसून राहायचं. मुलं भिंतीला टेकून बसली. बसल्यावर खोली होती त्याहून लहान वाटायला लागली. प्रत्येकाचा गुडघा दुसऱ्याला लागत होता. कोणीतरी देवीचा जप सुरू केला.

“मॅडम,” तुषार अगदी शांतपणे म्हणाला, “हवा संपते का?”

मी तोच हिशेब करत होते. खोलीची लांबी, रुंदी, उंची, आम्ही इतकी माणसं. हिशेबापेक्षा तपासणं बरं, म्हणून मी देवीपुढची एक अगरबत्ती पेटवली आणि सर्वांना स्थिर बसायला सांगितलं. धूर आधी सरळ वर गेला. मग आडवा झाला, मागच्या भिंतीकडे सरकला आणि दोऱ्यासारखा भुयारात शिरला.

“हवा खेळतेय,” मी म्हणाले. “दगडांच्या फटींतून येतेय आणि भुयारातून कुठेतरी बाहेर जातेय. श्वासाची काळजी नको.”

“म्हणजे भुयार खरंच नदीला निघतं.”

“कुठेतरी फट आहे, एवढंच कळतं. बोटाएवढी असली तरी धूर असाच जाईल.”

पण ते दुसरं वाक्य कोणी ऐकलं नाही. सगळे भुयाराकडे बघत होते. सरसुद्धा. मला वाटतं, त्या क्षणी त्यांनाही ती गोष्ट खरी असावी असं वाटलं.

मी अगरबत्ती लगेच विझवली, कारण अस्मिताच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. तिला दमा होता. पंप दप्तरात, आणि दप्तर बाहेर. मी तिला पुढे वाकवून बसवलं, ओढणीचा पदर तिच्या नाकाशी धरला आणि माझ्याबरोबर सावकाश श्वास सोडायला सांगितलं. सर ढिगाऱ्याशी जाऊन ओरडत होते, निळं दप्तर, पुढचा कप्पा, पंप. बॅटरी त्यांच्या हातात होती आणि उजेड तिकडे होता.

उजेड परत इकडे आला तेव्हा अस्मिताच्या शेजारची जागा रिकामी होती. देवीपुढची काडेपेटीही नव्हती.

“हर्षाली?” सर म्हणाले.

उत्तर भुयारातून आलं. फार लांबून नाही, पण भलतीकडून आल्यासारखं. “सर, मी जाते. देवळापाशी कोणीतरी असेलच. माणसं घेऊन येते. अस्मिताला बसवून ठेवा.”

“आधी परत ये.”

“मला जमतंय, सर. मी मावते.”

सर भुयारात डोकं घालून शिरायला गेले. खांदे अडकले. मी त्यांना मागे ओढलं आणि स्वतः चढले. कमरेपर्यंत आत गेले असेन. दोन्ही कोपरं दगडाला घासत होती आणि पुढे अंधाराशिवाय काही नव्हतं. सरांनी माझे पाय धरले.

“बाहेर या, मॅडम.”

“मी आणते तिला.”

“तुम्ही अडकलात तर तिचा यायचा रस्ता बंद. या बाहेर.”

ते बरोबर होतं. मी बाहेर आले. पुढे दार बंद, मागे एक भोक, आणि त्या भोकात दुसऱ्याची मुलगी. ती आम्हाला ऐकू येत होती. कापड दगडावर घासल्याचा आवाज, थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा.

तेवढ्यात ढिगाऱ्याच्या वरच्या टोकाला चिमणीएवढा उजेड दिसला. रामदासभाऊंनी एक दगड हलवला होता. फटीतून त्यांचा हात आला, मातीने माखलेला, आणि त्यात पंप होता. अस्मिताने दोनदा ओढला. शिट्टी लगेच थांबली नाही, पण तिची मान ताठ झाली.

“हर्षाली,” मी भुयारात ओरडले, “पंप मिळाला. ती बरी आहे. आता ये.”

घासणं थांबलं. “अस्मिताला बोलू द्या.”

अस्मिताने प्रयत्न केला. तिचा आवाज माझ्या कानापर्यंतच पोचला नाही, तर भुयारात कुठला जाणार. आणि तुषारला काय सुचलं कोण जाणे, त्याने तोंडापुढे हातांचा द्रोण करून नाजूक आवाज काढला. “मी बरी आहे गं. ये तू.”

“तुष्या, गप बस.”

घासणं पुन्हा सुरू झालं. आता ती आमच्यावर विश्वास ठेवणार नव्हती. तुषार रडायला लागला. मला त्याला मारावंसं वाटलं आणि जवळही घ्यावंसं वाटलं. मी दोन्ही केलं नाही.

भामरे सर भुयाराच्या कडेवर हात टेकून उभे होते. गोष्ट सांगताना उभे होते अगदी तसेच. मग म्हणाले, “हर्षाली, ऐक. भुयार नदीला निघतं की नाही, मला माहीत नाही.”

मुलांनी त्यांच्याकडे बघितलं.

“मला हे माझ्या मास्तरांनी सांगितलं. त्यांना कोणी सांगितलं, मी विचारलं नाही. नोकरीला लागलो त्या वर्षी मी देवळामागे जाऊन शोधलं होतं. पार नदीच्या काठापर्यंत. तिथे काही नाही.”

“मग आम्हाला कशाला सांगितलंत?” तुषारने हुंदका आवरत विचारलं.

“तुम्ही ऐकत होतात म्हणून.”

भुयारातून आवाज आला, “आणि साळूबाई?”

“माहीत नाही, पोरी.”

“बाळ?”

बॅटरी खाली धरली होती, तरी त्यांचं तोंड दिसत होतं. “बाळ मी घातलं,” ते म्हणाले. “आधी नव्हतं. एका वर्षी मुलं कंटाळली होती, तेव्हा घातलं. मग दरवर्षी राहिलं.”

मला वाटलं, झालं, येते आता. मग हर्षालीचा आवाज आला, आणि त्यात जराही राग नव्हता, उलट समजूत घातल्यासारखा होता.

“तुम्ही मला परत बोलवायला असं म्हणताय, सर. मला कळतंय. पण मी घाबरले नाहीये.”

आणि कापड घासण्याचा आवाज आणखी पुढे गेला.

खरं सांगून झालं होतं आणि त्याचा काही उपयोग झाला नव्हता. गोष्ट इतकी चांगली सांगितली गेली होती की ज्याने सांगितली त्यालाही ती मागे घेता येत नव्हती. सर भुयाराच्या कडेवर अंगठा फिरवत होते. वेड्यासारखे, एकाच जागी. मग त्यांचा अंगठा थांबला. त्यांनी बॅटरी उचलली आणि अंगठ्याखालचा दगड बघितला.

“मॅडम, हे बघा.”

मी बघितलं. दगडावर राखाडी रंगाचा पातळ थर होता, हात फिरवून फिरवून गुळगुळीत झालेला.

“चुना,” सर म्हणाले. “घोटलेला चुना. आणि या खोलीला कुठे आहे? कुठेच नाही. नुसती छिन्नी मारलीय.” त्यांनी बॅटरी कोनाड्यांवर फिरवली, काजळीवर, परत भुयारावर. “दरवर्षी इथे हात ठेवून बोलतोय मी. खाली काय आहे ते बघितलं नाही.”

ते भुयाराच्या तोंडाशी वाकले. आता त्यांचा आवाज वेगळा होता. गोष्टीचा नव्हता, घाबरलेलाही नव्हता. वर्गात हजेरी घेताना असतो तसा सपाट.

“हर्षाली, परत ये म्हणत नाही. आहेस तिथे थांब आणि विचारतो त्याचं उत्तर दे. भिंतीला हात लाव. कशी लागते?”

थोड्या वेळाने, “गुळगुळीत.”

“वरपर्यंत?”

“नाही. माझ्या खांद्याएवढी. वर खडबडीत आहे.”

“वर टोचतंय आणि खाली गुळगुळीत.”

“हो.”

“काड्या आहेत ना? एक लाव. दिवा ठेवायला कोनाडा दिसतो का?”

“काड्या ओल्या झाल्या, सर. लागत नाहीत. पण मी चाचपत आले. कोनाडा नाही लागला.”

“एकही?”

“एकही नाही.”

“बाहेरच्या खोलीत किती होते, आठवतं?”

“तीन. नाही, चार. काळे होते.”

“बरोबर. आता जमीन. चढ आहे की उतार?”

“उतार.” मग थोडं थांबून, “सर, मधोमध खाच आहे. पन्हाळीसारखी. माझी बोटं त्यात बसताहेत.”

मुलांचा जप थांबला होता. अस्मिताच्या श्वासाचा आवाज सोडला तर खोलीत काही ऐकू येत नव्हतं. सरांनी डोळे मिटले होते. मला दिसत होतं की उत्तर त्यांना कळलंय, जिभेवर आलंय. मलाही कळलं होतं. पाणी आहे पुढे, परत फीर, असं ओरडावं म्हणून मी तोंड उघडलं. सरांनी माझ्याकडे न बघता हात वर केला.

“सांगू नका,” ते पुटपुटले. “आपण सांगितलेलं तिला खरं वाटणार नाही.”

मग भुयारात म्हणाले, “हर्षाली, साळूबाई विसर. मी विसर. तुझ्या हाताला जे लागलंय तेवढंच धर. माणसांनी यायचं-जायचं म्हणून खोदलं असतं तर त्यांना काय काय लागलं असतं?”

“उजेड.” थोडा वेळ गेला. “पाय ठेवायला पायऱ्या.”

“आहेत?”

“नाहीत.”

“आणि ज्याने हे बांधलं त्याने खांद्याएवढा चुना घोटून घोटून लावला. खर्च केला, मेहनत केली. त्याच्यावर नाही लावला. का?”

उत्तर आलं नाही. घासण्याचा आवाजही नाही. वर पहारी वाजायला लागल्या होत्या, गावातली माणसं आली होती, पण आमच्यातल्या कोणी तिकडे मान वळवली नाही. एवढ्या वेळात तिने एक हात जरी पुढे टाकला तर, असं मनात येत होतं, आणि आम्ही इथे प्रश्न विचारत होतो.

“हर्षाली?”

“सर,” आतून आवाज आला, बारीक, “हे माणसांसाठी नाहीये.”

“मग?”

“पाण्यासाठी आहे. चुना आहे तिथपर्यंत पाणी यायचं.”

“मग पुढे काय असेल?”

मग दगड दगडावर आपटल्याचा लहानसा आवाज झाला, एकदा, दोनदा. नंतर काहीच नाही. आणि मग, मनात धरलेल्या वेळेपेक्षा बऱ्याच उशिरा, खोल कुठूनतरी डुबुक असं ऐकू आलं.

“खडा टाकला मी,” हर्षाली म्हणाली. आता तिचा आवाज कापत होता. “माझ्या हाताच्या पुढेच जमीन संपलीय, सर. मी येते.”

“वळू नकोस. उलटीच ये. पायांनी चाचपत. आम्ही बोलत राहतो.”

आणि सर बोलत राहिले. काय बोलले ते आज मला आठवत नाही. बहुतेक उद्याच्या तासाला कोणता धडा आहे, वही आणायची की नाही, असलं काहीतरी. आधी तिच्या चपला दिसल्या, मग मातीने लडबडलेले पाय. सरांनी आणि मी एकेक पाय धरून तिला बाहेर घेतलं. तिची कोपरं सोलवटली होती. ती अस्मिताजवळ जाऊन बसली आणि तिच्या हातातला पंप काढून उगाच बघत राहिली. सरांकडे तिने बघितलं नाही.

माणूस जाईल एवढी वाट मोकळी व्हायला पुढे बराच वेळ गेला. पहिलं डोकं आत आलं ते एका म्हाताऱ्याचं, पांढऱ्या मिशा, डोक्याला उपरणं. त्याने एकेका मुलाला हात देऊन वर घेतलं. सगळ्यात शेवटी सर निघाले तेव्हा तो हसत म्हणाला, “काय गुरुजी, एवढं भुयार आहे की मागे. सरळ नदीला निघायचं. आमचं खोदकाम वाचलं असतं.”

मुलं थांबली. सर कपडे झटकत होते.

“नाही हो बाबा,” ते म्हणाले. “ते पाण्याचं आहे. टाक्याचं.”

“कोण म्हणतं?” म्हातारा बाकीच्यांकडे बघून हसला. “घाबरलेत गुरुजी. आमच्या पणज्यापासून ठाऊक आहे सगळ्यांना.”

सरांनी वाद घातला नाही.

उतरताना मुलांना आम्ही आमच्या दोघांच्या मध्ये ठेवलं होतं. मी पुढे, सर मागे. पण हर्षाली हळूहळू मागे राहत गेली, आणि एका वळणावर मी मागे बघितलं तर ती सरांच्या शेजारी चालत होती. त्यांचे गुडघे दुखत होते म्हणून दोघं सावकाश येत होती. वारा माझ्या दिशेने होता.

“बाळ नको होतं घालायला, सर,” ती म्हणाली.

“हो,” सर म्हणाले.

पुढे चौकशी झाली. प्रस्ताव मागवला गेला, उद्दिष्टं वाचली गेली, आणि त्या पाच वाक्यांना कोणी नाव ठेवलं नाही. सहली मात्र बंद झाल्या. काही महिन्यांनी दोर घेऊन गेलेल्या गिर्यारोहक मुलांनी सांगितलं की उतार संपतो तिथे खाली मोठं टाकं आहे, काठोकाठ अंधार आणि पाणी, आणि छताला कड्याच्या बाजूने एक अरुंद चीर. धूर तिकडून जात होता. त्यांनी काढलेला फोटो मी बराच वेळ बघितला आणि सरांना दाखवला. त्यांनी चष्मा काढून बघितला आणि परत दिला.

त्या वर्षाचे उरलेले महिने भिंतीपलीकडचा आवाज बदलला होता. सर पुस्तक वाचून दाखवायचे. सनावळ्या, कारणे, परिणाम. माझी आठवी पुन्हा माझ्याकडे बघायला लागली होती, आणि ते मला आवडायला हवं होतं. एकदा मधल्या सुट्टीत मी त्यांना म्हणाले, “सर, पलीकडे मुलं झोपतात.”

“झोपू देत,” ते म्हणाले. “झोपलेलं पोर भुयारात जात नाही.”

आता मी दुसऱ्या गावात शिकवते, आणि त्या गोष्टीला नऊ वर्षं झाली. पण त्या शाळेतला एक दिवस मला त्या खोलीपेक्षाही जास्त आठवतो. पुढच्या वर्षीचा, जून संपतानाचा. नववी नवी होती. मी फळ्यावर आरशाची आकृती काढत होते आणि भिंतीवरून आवाज आला.

“गडाला वेढा पडलेला. दाणागोटा संपलेला.”

माझा खडू थांबला. सर सगळी गोष्ट सांगत होते. तोच हळू आवाज, त्याच जागी थांबणं. किल्लेदार पडला. साळूबाईने बाळ पाठीला बांधलं. दिवा घेतला नाही. बाळाने हूं की चूं केलं नाही. पहाटे पाण्याचा आवाज आला. पलीकडचा वर्ग असा शांत झाला होता की बाकाची करकरसुद्धा नाही. माझ्या वर्गाने फळ्याकडे बघायचं सोडून सरळ भिंतीकडे तोंडं केली होती, आणि मी त्यांना काही म्हणाले नाही.

“तिथे ती बाहेर आली,” सर म्हणाले. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला. ते बसले असावेत. “गोष्ट संपली. आता यातलं काय आपल्याला माहीत आहे, आणि काय कोणीतरी घातलंय? मी सांगणार नाही. तुम्ही विचारा.”

कोणी विचारलं नाही. कोणीतरी खोकलं. सर वाट बघत राहिले. मी असते तर एवढी वाट बघितली नसती.

मग मागच्या बाकावरून असावा, एक आवाज आला. “सर, ती एकटीच गेली होती ना?”

“एकटीच.”

“आणि दिवा नव्हता.”

“नव्हता.”

“मग बाळ रडलं नाही, हे बघितलं कोणी?”

भिंतीपलीकडे एकदम गलका झाला. मी वळून माझ्या वर्गाकडे बघितलं. आठवीतल्या तिघांनी हात वर केले होते, आणि त्यांना तर कोणी काही विचारलंच नव्हतं.